काळ्या इंजिनाचा नंबर

धाकट्यांची खाट रेल्वेखाली होती. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटे, पण घरात त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण रेल्वे आधी आली होती आणि खाट नंतर. मागच्या खोलीत जवळजवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूडची एक भलीमोठी फळी, छातीइतक्या उंचीवर, लोखंडी पायांवर उभी होती. फळीवर रूळ, स्टेशन, रंगवलेल्या भुशाचं गवत, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि पलीकडच्या कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचा डोंगर. फळीखाली वायरींचं जाळं आणि त्या जाळ्याखाली धाकटे. सकाळी डोळे उघडले की त्यांना पहिल्यांदा दिसत ते फळीतून खाली आलेले खिळे. दचकून उठून बसायची सोय नव्हती. कपाळावर दोनचार टेंगळं आल्यानंतर ते आधी कुशीवर वळून, मग पाय बाहेर काढून, आणि सगळ्यात शेवटी डोकं, अशा क्रमानं जगात यायला शिकले होते.

धाकटे म्हणजे थोरल्यांचे धाकटे भाऊ. तसे तेही आता म्हातारेच. भुवयासुद्धा पिकल्या होत्या. पण थोरले आहेत तोवर ते धाकटेच राहणार, त्याला इलाज नव्हता. थोरले कारखान्यात फोरमन होते. यंत्रांच्या खडखडाटावरून ऐकू जाईल असा आवाज त्यांनी तिथं कमावला, आणि घरी आल्यावर तो खाली आणावा हे त्यांना कधी सुचलं नाही. धाकट्यांचं काम अगदी उलट. कानाला लावायच्या मशीनच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या बाजूला, डोळ्याला भिंग लावून ते केसासारख्या तारांना डाग देत बसायचे.

"साऱ्या गावाचे कान भावजींनी दुरुस्त केले," वहिनी म्हणायच्या, "आणि घरात यांचं कोण ऐकतंय?"

वहिनी म्हणजे थोरल्यांच्या पत्नी. त्यांचं बोलणं नेहमी कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं वाटे, पण ती बाजू कुणाची हे शेवटपर्यंत कळत नसे.

संध्याकाळी रेल्वे चालायची. त्याची एक ठरलेली रीत होती. दाराजवळच्या उंच स्टुलावर थोरले बसत. त्यांच्यासमोर एक काळा डबा आणि डब्यावर एकच बटण. ते फिरवलं की रुळांत वीज यायची, आणि रुळांवर जे इंजिन असेल ते धावू लागायचं. दोन इंजिनं असली तर दोन्ही धावायची, तुमची इच्छा असो वा नसो. म्हणजे बटण एक, चालवणारा एक. धाकट्यांची जागा पलीकडे, फळी आणि भिंत यांच्यातल्या सांदीत. तिथं थोरल्यांचं पोट मावत नसे. घसरलेले डबे रुळांवर ठेवायचे, बोटानं सांधे बदलायचे आणि रस्ता तयार झाला की "मोकळा!" असं ओरडायचं. नोकरी लागल्यापासून धाकटे रोज संध्याकाळी "मोकळा" म्हणत आले होते.

त्यातलं काळं वाफेचं इंजिन धाकट्यांचं स्वतःचं होतं. पहिल्या पगारात त्यांनी ते घेतलं, मागे टेंडर, म्हणजे कोळशाचा छोटा डबा, जोडलेलं, डौलदार. पण चालवलं मात्र कधी नाही. घेतलं त्याच दिवशी त्यांनी बटण मागितलं होतं.

"थांब, एवढी फेरी होऊ दे," थोरले म्हणाले होते.

ती फेरी अजून संपायची होती.

*

डिजिटलचं खूळ धाकट्यांच्या डोक्यात शिरलं ते तोंडावाटे. दाढ दुखत होती म्हणून ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर गावातल्या मॉडेल रेल्वे मंडळाचे चिटणीस होते आणि पेशंटचं तोंड उघडं असताना त्याच्याशी गप्पा मारायची त्यांना सवय होती.

"काका, आमच्याकडे आता सगळं डिजिटल," दाढ कोरत ते सांगत होते. "रुळांत वीज कायमची. इंजिनात एक चिप, आणि प्रत्येक इंजिनाचा स्वतःचा नंबर. हातातल्या रिमोटवर नंबर दाबायचा, की त्या नंबराचं इंजिन तेवढं निघतं. बाकीची तिथंच उभी. ऐकत सगळीच असतात, पण हाक आपल्याला नाही म्हटल्यावर जागची हलत नाहीत. एकाच रुळावर चार माणसं चार इंजिनं चालवतात. कुणी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. जरा मोठा आ करा."

धाकट्यांनी मोठा आ केला. तो नंतर बराच वेळ मिटला नाही.

पुढे त्यांचं मंडळात जाणं वाढलं. घरी ते "फिरून येतो" एवढंच सांगत. मंडळ एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. खालच्या मोठ्या हॉलमध्ये रेल्वे, आणि वरच्या वर्गांच्या दारांवर अजून पत्र्याचे आकडे. एक दिवस डॉक्टर त्यांना वर घेऊन गेले आणि सतरा नंबरचं दार उघडलं.

"रेल्वेची देखभाल करायला आम्हाला इथं राहणारं कुणीतरी हवंय. तुमच्यासारखा हात कुठं मिळणार? फक्त सभासदांची एक अट आहे. एखादं जुनं इंजिन स्वतः डिजिटल करून, चालवून दाखवायचं. म्हणजे किल्ली तुमची."

धाकटे खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले.

"गळत नाही हो," डॉक्टर हसले.

"नाही, नाही, तसं नाही," धाकटे गडबडून म्हणाले आणि खाली बघू लागले.

त्यांना ती खोली हवी होती. इतकी की तिचा विचार मनात आला तरी ते आजूबाजूला बघून घेत, कुणी ऐकलं तर नाही ना. या वयात हे काय, असं स्वतःला दटावूनही झालं. आपल्याला एकट्यानं राहता येईल का? दूध उतू जाईल. आजारी पडलो तर? पण इंजिन चाललं तर खोली मिळणार होती, नाही चाललं तर फळीखाली मरायचं होतं, इतकं ते सरळ होतं.

थोरल्यांना सांगायचं कसं, एवढंच ठरत नव्हतं. भांडणाची भीती नव्हती. भांडण झालं असतं तर बरंच झालं असतं. पण थोरले भांडत नसत. ते मोठ्यानं हसत, पाठीवर थाप मारत, आणि विषय तिथंच संपे.

"डॉक्टर, खोलीचं घरी बोलू नका हं," धाकट्यांनी बजावून ठेवलं.

*

थोरले दुपारी झोपत. भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं सुरू झालं की धाकटे फळीच्या कडेला टेबललॅम्प ओढून कामाला लागत. घोरणं थांबलं की हात थांबे. पुन्हा सुरू झालं की पुन्हा काम.

त्यांनी काळ्या इंजिनाचा बॉयलर उचलून बाजूला ठेवला. आत मोटर. मोटरीला दोन टोकं असतात, आणि या जुन्या इंजिनांत त्यातलं एक टोक सरळ खालच्या धातूच्या सांगाड्याला टेकवलेलं असतं. सांगाडा चाकांना, चाकं रुळांना. पूर्वीच्या पद्धतीत त्यानं काही बिघडत नसे. पण चिप बसवायची म्हणजे मोटर दोन्हीकडून सुटी हवी. रुळातली वीज आधी चिपमध्ये जाणार, आणि चिप देईल तेवढीच मोटरीला मिळणार. मध्ये कुठं चोरवाट राहिली, की चिप गेलीच.

त्यांनी तो जोड कापला, मध्ये फायबरची चकती घातली, टोकावर बारीक नळी चढवली. मग मीटरची एक सुई मोटरीला आणि दुसरी सांगाड्याला लावली. दोघांत संबंध असेल तर मीटर पीं करणार. आयुष्यभर त्यांनी डाग दिले ते आवाज यावा म्हणून. काही ऐकू येऊ नये म्हणून कान लावायची ही पहिलीच वेळ. मीटर गप्प राहिला. पलीकडे थोरले घोरत होते.

तिथून पुढे काम त्यांच्या हातचंच होतं. लाल आणि काळी वायर रुळाकडून, केशरी आणि करडी मोटरीला. चारही वायरी इंजिनाखालून मागे टेंडरमध्ये नेल्या, आणि तिथं, खोट्या कोळशाच्या ढिगाखाली, डॉक्टरांनी दिलेली नखाएवढी चिप झोपवली. बॉयलर परत बसवला, त्याचा स्क्रू आवळला. डॉक्टरांकडून चाचणीसाठी आणलेला जुना डिजिटल डबा एका रुळाच्या तुकड्याला जोडला, इंजिन त्यावर ठेवलं आणि कळ दाबली.

टेंडरमधून धूर आला. खरा. वाफेच्या इंजिनाला शोभेल असा.

घोरणं थांबलं.

थोरले बनियनवर दारात उभे. मागे वहिनी, नाकाला पदर लावून.

"काय जळलं?"

"काही नाही, दादा."

"काही नाही जळलं तर वास कसला येतोय? आणि दुपारचं चोरासारखं काय चाललंय तुझं?"

धाकट्यांनी निम्मं सांगितलं. डिजिटलचं, चिपचं, मंडळात इंजिन चालवून दाखवायचं त्याचं. खोलीचं पोटातच ठेवलं. थोरल्यांनी काळं इंजिन उचललं, जाड बोटांनी उलटंपालटं करून पाहिलं, स्क्रू काढला आणि तळहातावर धरला.

"हा मी घातलेला. आठवतंय? मूळचा ढिला झाला होता. तेव्हा चांगला लांब बघून आणला, हलायला नको म्हणून."

धाकट्यांनी डोळे मिटून घेतले. लांब स्क्रू. बॉयलरमधून खाली उतरून तो थेट मोटरीच्या टोकाला टेकत होता; चोरवाट तीच. त्यांनी मीटर लावला होता तो बॉयलर उघडा असताना. सगळं बंद केल्यावर पुन्हा एकदा लावायचा, हे दुकानातल्या शिकाऊ पोरालाही सांगावं लागलं नसतं. पण घोरण्याकडे एक कान ठेवून काम करणाऱ्या माणसाला शेवटची घाई होतेच.

"अरे, मग मला सांगायचं नाही?" थोरले म्हणाले आणि मोठ्यानं हसले. पाठीवर थाप पडली. विषय संपला.

असं धाकट्यांना वाटलं.

*

दोन दिवसांनी थोरले धापा टाकत घरी आले. हातात मोठं खोकं. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि जादूगारासारखे हात पसरले.

"घे! डिजिटल!"

खोक्यात नवा कोरा डिजिटल डबा होता, रिमोट होता, धाकट्यांसाठी नवी चिप होती. शिवाय थोरल्यांचं आवडतं हिरवं इंजिन दुकानातून चिप बसवून आणलेलं.

"तुला हवं होतं ना? मग घरातच करू की. मंडळात कशाला तडफडत जायचं? आणि तुझ्या त्या दात उपटणाऱ्यालाही मी फोन केलाय. रविवारी चहाला बोलावलंय. म्हटलं, आमच्या धाकट्याला काय दाखवायचं ते इथंच दाखवेल. यायला तयार झाला बिचारा."

कुणी दार लावून घेतलं असतं तर ते ठोठावता आलं असतं. इथं दार आतून सजवून दिलं होतं.

"छान आहे, दादा," ते म्हणाले.

"छान आहे म्हणतोय आणि चेहरा बघा," वहिनी म्हणाल्या. "दाढ अजून दुखतेय वाटतं."

नवा डबा थोरल्यांनी त्याच संध्याकाळी फळीला खालून ठोकला. तो नेमका धाकट्यांच्या उशीवर आला. "खाट जरा आत सरकव," थोरले म्हणाले, "भिंतीला लागली तर ऊबच मिळेल." डब्यावर एक लाल दिवा होता, आणि थोरल्यांनी तो बंद करायला मनाई केली. रुळांत वीज कायमची, हाच तर डिजिटलचा मुद्दा. तेव्हापासून धाकटे भिंत आणि दिवा यांच्यामध्ये झोपू लागले. कुशीवर वळायचं तर आता आधी ठरवावं लागे.

नवी चिप त्यांनी नेहमीसारखी दुपारीच बसवली. लांब स्क्रूचं टोक कानशीनं घासून आखूड केलं. बॉयलर बंद करून मीटर लावला, उलटं करून लावला, हलवून लावला. मीटर गप्प. थोरले झोपलेले बघून त्यांनी इंजिन फळीवर ठेवलं. हिरवं इंजिन कपाटात, मऊ फडक्यात गुंडाळलेलं होतं, त्यामुळे रुळांवर काळं एकटंच. माहितीपत्रकात लिहिलं होतं की कोऱ्या चिपचा नंबर तीन असतो, तो बदलून आपल्या आवडीचा द्यावा. धाकट्यांनी रिमोटवर तीन दाबला, बटण केसभर फिरवलं.

काळं इंजिन सरकलं. स्टेशनपासून सिग्नलपर्यंत गेलं आणि परत आलं. एवढंच.

मग नंबर बदलायचा, म्हणून ते रिमोट घेऊन बसले. आणि अडलं ते इथंच. नंबर कुठला घ्यावा हेच ठरेना. जन्मसाल? थोरल्यांना ते हास्यास्पद वाटेल. घराचा नंबर? घर थोरल्यांचं. आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी फारसं काही निवडलं नव्हतं. शर्टही थोरले घेत त्याच कापडाचे शिवले जात. एक आकडा मनात आला होता, पण तो इतका उघड बोलून जाणारा होता, की रिमोटवर टाकायलाही त्यांना लाज वाटली. बघू, म्हणून त्यांनी तीनच राहू दिला. पलीकडचं घोरणं थांबलं होतं.

*

रविवारी डॉक्टर आले. वहिनींनी चहा दिला. थोरल्यांनी नवा शर्ट घातला होता आणि दुकानदारासारखे ते पाहुण्यांना फळीच्या कडेनं फिरवत होते. डॉक्टरांनी मंडळातला एक जादा रिमोट आणला होता. तो त्यांनी नव्या डब्याला जोडला आणि धाकट्यांच्या हातात दिला. देताना त्यांच्या कोटाच्या खिशात काहीतरी किणकिणलं. धाकट्यांनी ते ऐकलं. कानाच्या धंद्यातला माणूस, तो ऐकणारच.

"म्हणजे इथं चालवलं तरी चालेल?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी बघितलं म्हणजे मंडळानं बघितलं," डॉक्टर तितक्याच हळू म्हणाले.

"काय कुजबुज चाललीय?" थोरले स्टुलावरून गरजले. "चला! आधी मी."

दोन्ही इंजिनं रुळांवर होती. हिरवं स्टेशनात, काळं पलीकडे डोंगराजवळच्या बाजूच्या रुळावर. दोघांचे दिवे लागलेले. थोरल्यांनी रिमोटवर तीन दाबला आणि बटण फिरवलं.

हिरवं निघालं. आणि त्याच क्षणी काळंही निघालं.

धाकट्यांनी चमकून हातातल्या रिमोटकडे पाहिलं. त्यांनी त्याला बोटही लावलं नव्हतं. थोरल्यांनी वेग वाढवला, दोघांनी वाढवला. थोरल्यांनी थांबवलं, दोघं थांबली. उलटं फिरवलं, तर दोघंही गुमान मागे निघाली.

"अरे वा!" थोरले मांडीवर थाप मारून हसले. "बघितलंस? माझं हललं की तुझं हलतंय! हेच ना तुझं डिजिटल? मग आधी काय वेगळं होतं?"

"दोघांचा नंबर एकच राहिलाय," डॉक्टर म्हणाले. "दुकानदारानंही तीनच ठेवलेला दिसतो. काही नाही, काका, एक नंबर बदलायचा. मिनिटाचं काम."

"कशाला बदलायचा?" थोरल्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते. "चाललंय ना व्यवस्थित? इतकी वर्षं एकाच बटणावर चाललं, कुणाचं काही अडलं का? काय रे, धाकट्या?"

धाकटे आपल्या नेहमीच्या सांदीत उभे होते. पाठीला भिंत, पोटाला फळी. त्यांच्या तोंडात "नाही, दादा" तयार होतं, तेच नेहमी तयार असे. ते बाहेर पडलं की चहाचा दुसरा कप येणार, डॉक्टर घरी जाणार, खिशातली किल्ली खिशात राहणार, आणि लाल दिव्याखाली आपण.

"मंडळाचा नियम आहे," डॉक्टर त्यांच्याकडे न बघता बोलले. "स्वतःचा नंबर नसलेलं इंजिन आम्ही चालवलेलं धरत नाही."

"बदलतो," धाकटे म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की त्यांचा त्यांनाच नीट ऐकू आला नाही. त्यांनी काळं इंजिन उचललं, हिरव्याचाही नंबर बदलू नये म्हणून डब्याला वेगळ्या जोडलेल्या रुळाच्या तुकड्यावर ठेवलं.

"कुठला देऊ?" डॉक्टरांनी रिमोट हातात घेत विचारलं.

"सतरा."

डॉक्टरांचा अंगठा क्षणभर थांबला. मग त्यांनी सतरा दाबला. इंजिनानं जागच्या जागी एक लहानसा हिसका दिला. चिपला नवा नंबर समजला, की ती असा हिसका देते.

काळं इंजिन परत डोंगराजवळ ठेवलं. थोरल्यांनी आपलं बटण फिरवलं. हिरवं निघालं. काळं दिवा लावून उभं. थोरल्यांनी बटण आणखी फिरवलं. हिरवं धडधडत वळणावर गेलं, काळं हललं नाही. थोरल्यांनी रिमोट पुढे केला, इंजिनाच्या दिशेनं रोखून धरला, जणू अंतर जास्त पडत होतं.

"याला ऐकू येत नाही का रे?"

"येतं, दादा," धाकटे म्हणाले. "पण हाक त्याला नाही."

हिरवं तसंच धावत होतं. थोरले भावाकडे वळले.

"सतरा कुठून आला?"

आता लपवायला जागा नव्हती. सांदीतून बाहेर पडायला एकच बाजू होती, आणि तिथं थोरले बसले होते.

"मंडळाच्या हॉलवर एक खोली आहे. तिचा नंबर. त्यांना तिथं राहणारं माणूस हवंय. हे इंजिन मी चालवून दाखवलं, तर ती मला मिळणार आहे. मला हवी आहे ती, दादा."

थोरले हसले नाहीत. धाकट्यांची पाठ थापेची वाट बघत आखडून गेली होती, पण थाप आली नाही. स्टुलापासून सांदीपर्यंत थोरल्यांचा हात पोचतच नव्हता.

बोलण्याच्या नादात बटण तसंच राहिलं होतं. हिरवं इंजिन भरधाव डोंगरामागे शिरलं, वळणावर कलंडलं आणि खडखडत आडवं झालं.

"धाकट्या!" थोरले सवयीनं ओरडले.

धाकट्यांचा पाय उचलला गेला. तो त्यांनी उचलला नव्हता, तो आपोआपच उचलला जाई. त्यांनी फळीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पाय परत खाली ठेवला. सोपं नव्हतं ते. आडव्या पडलेल्या इंजिनाची चाकं हवेत दिसत होती, हात नुसता लांब करायचा होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते. धाकटे फळीकडे बघत होते.

कपबशा ठेवल्याचा आवाज आला. वहिनी पदर खोचून, पोट आत घेऊन सांदीत शिरल्या, धाकट्यांना ओलांडून पुढे गेल्या, डोंगरामागे हात घातला आणि हिरवं इंजिन सरळ करून रुळांवर ठेवलं.

"पुढची चाकं आधी," थोरल्यांच्या तोंडून निघून गेलं.

"पुढचीच आधी ठेवली," वहिनी म्हणाल्या. "झालं. एवढंच होतं? या एवढ्याशासाठी या माणसाला तुम्ही जन्मभर इथं उभा केलात? आणि हो, मी रोज रोज यायची नाही हं. सांगून ठेवते."

डॉक्टर चहाच्या रिकाम्या कपात बघत होते. थोरल्यांनी बटण हळूहळू शून्यावर आणलं. मग रिमोट मांडीवर ठेवला आणि गुडघे चोळत बसले. फोरमनचा आवाज कुठंतरी ठेवून आल्यासारखे ते हळू बोलले. एवढ्या वर्षांत धाकट्यांनी तो आवाज ऐकला नव्हता.

"खिडकी आहे का त्या खोलीला?"

धाकटे बुचकळ्यात पडले. त्यांनी आठवून पाहिलं. दार आठवलं, पत्र्याचा आकडा आठवला.

"खिडकी बघितलीच नाही मी," ते म्हणाले. "छत तेवढं बघितलं. उंच आहे."

थोरल्यांची नजर फळीवरून खाली गेली. खाली खाट, उशी, आणि उशीवर तो लाल दिवा. कदाचित ते पहिल्यांदाच तिथं बघत होते. कदाचित नसतीलही, कोण जाणे. त्यांनी घसा खाकरला.

"मग चालव की. उभं काय करून ठेवलंयस?"

हाही हुकूमच होता. डॉक्टरांनी रिमोट परत पुढे केला. धाकट्यांचं बोट बटणावर गेलं, आणि हुकूम होताच ते फिरणार होतं. त्यांनी ते फिरू दिलं नाही. थोरल्यांचा शब्द खोलीत पुरता विरेपर्यंत ते थांबले. डॉक्टरांनी मान वर केली, वहिनींनी सांदीतूनच "काय झालं?" असं विचारलं, तरी ते थांबले. मग, कुणीच काही सांगत नव्हतं तेव्हा, त्यांनी बटण फिरवलं.

काळं इंजिन निघालं.